काळाची सोडवण : केडगावच्या रमाबाई आणि आयुष्याच्या विनियोगाचा ख्रिस्ती विचार

१

पंडिता रमाबाईंच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार करताना मराठी अभ्यासक बहुधा एका ठिकाणी येऊन थांबतात. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), इंग्रजीतील ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ह्या ग्रंथांविषयी आदराने लिहिले जाते. ह्यांपैकी शेवटच्या ग्रंथातील निरीक्षण, त्यातील उपरोध आणि त्याची प्रसन्न गद्यशैली ह्यांचे कौतुक होते, आणि मग एक खंत व्यक्त होते. अशी समर्थ लेखणी पुढे केडगावी जाऊन बसली, आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षे तरी तिने बायबलच्या भाषांतरात घालविली, आणि ते भाषांतर ना साहित्यात मानले गेले, ना मंडळ्यांच्या उपासनेत रूढ झाले, अशी ती खंत असते. थोडक्यात, रमाबाईंनी आपला वेळ वाया घालविला काय, असा हा प्रश्न आहे. तो सभ्यतेमुळे स्पष्ट शब्दांत विचारला जात नाही, एवढेच.

तो स्पष्टपणे विचारावा आणि त्याचे उत्तर शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘वेळ वाया जाणे’ ह्या शब्दप्रयोगात वेळेविषयीची एक निश्चित कल्पना गृहीत धरलेली असते. टीकाकाराच्या मनातील कल्पना एक आणि लेखिकेने जिच्या आधारे आयुष्य वेचले ती कल्पना दुसरी, असे असेल, तर आधी दोहोंतील भेद समजून घेतला पाहिजे. मूल्यमापन त्यानंतरचे.

२

मर्यादित आयुष्याचा हिशेब मांडण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात माणसाच्या शंभर वर्षांची वजाबाकी केलेली आहे. निम्मे आयुष्य रात्रीत जाते, उरलेल्याचा अर्धा भाग बाल्यात व वार्धक्यात सरतो, आणि जे शेष राहते ते व्याधी, वियोग आणि परक्याची चाकरी ह्यांत संपते. मग ह्या तरंगासारख्या चंचल जीवितात सुख ते कोठले, असा तेथे निष्कर्ष आहे. बायबलातील नव्वदावे स्तोत्र परंपरेने मोशेच्या नावावर आहे. त्यातही असाच हिशेब आहे. तेथे वर्षे सत्तर, फार तर ऐंशी धरली आहेत, आणि तीही कष्टाची व झपाट्याने उडून जाणारी आहेत, असे कवी म्हणतो. इथपर्यंत दोन्ही कवी एकाच वाटेने चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात. भर्तृहरीचा हिशेब विरक्तीत संपतो. स्तोत्रकार दिवस मोजण्याची अक्कल मागतो आणि शेवटी आपल्या हातचे काम देवाने स्थिर करावे अशी याचना करतो. आयुष्य क्षणभंगुर आहे, म्हणून काम व्यर्थ आहे, असे तो म्हणत नाही. आयुष्य क्षणभंगुर आहे, म्हणून काम दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपविले पाहिजे, असे तो म्हणतो. वजाबाकी तीच, पण बाकी निराळी येते.

नव्या करारात हा विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत वेळेच्या विनियोगासंबंधी जो उपदेश आहे, त्यातील ग्रीक क्रियापद ‘एक्सागोराझो’ हे आहे. ते बाजारातले क्रियापद आहे. किंमत मोजून एखादी वस्तू किंवा एखादा दास सोडवून घेणे, असा त्यात ध्वनी आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने माणसाला नियमशास्त्राच्या शापातून सोडविले, हे सांगताना पौलाने हेच क्रियापद वापरले आहे. म्हणजे माणसाची सोडवण आणि वेळेची सोडवण ह्यांसाठी शब्द एकच आहे. ह्या दृष्टीने वेळ ही संपत्ती नाही, साठविण्याची वस्तू नाही. ती कोणाच्या तरी दास्यात अडकलेली आहे आणि तिला तेथून मोल देऊन बाहेर काढावयाचे आहे.

त्याच ठिकाणी ‘वेळ’ ह्या अर्थी जो ग्रीक शब्द आहे तो ‘ख्रोनोस’ नसून ‘कायरोस’ आहे. पहिला अखंड वाहणाऱ्या काळाचा वाचक आहे, तर दुसरा विशिष्ट घटिकेचा, साधावयाच्या प्रसंगाचा. ह्या भेदासाठी मराठीला परभाषेकडे उसने मागण्याचे कारण नाही. आपण काळ ‘कंठतो’, ‘लोटतो’. वेळ मात्र ‘साधतो’, ‘दवडतो’, प्रसंगी ‘मारून नेतो’. काळ येतो तो मृत्यूच्या रूपाने येतो. वेळ येते ती कृतीची मागणी घेऊन येते. संस्कृत ‘वेला’ शब्दात किनारा, मर्यादा हा जो मूळ अर्थ आहे, तो मराठी ‘वेळे’च्या पोटात अजून जिवंत आहे. ज्याला किनारा आहे तीच वेळ. रमाबाईंसारख्या संस्कृत, ग्रीक आणि हिब्रू अशा तीनही भाषांत वावरणाऱ्या स्त्रीला हा भेद केवळ कोशात पाहावा लागला असेल, असे वाटत नाही. तिचे आयुष्यच त्याचे भाष्य होते.

३

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण अनंतशास्त्री डोंगरे ह्या पुराणिक पित्याबरोबर तीर्थाटनात गेले. आईने तोंडी पाठ देऊन त्यांना संस्कृत शिकविले. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने खचून मरण पावली. बंधू श्रीनिवास १८८० मध्ये गेले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला; १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीही निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत ज्या स्त्रीने एवढी मरणे पाहिली, तिला आयुष्याच्या मर्यादेवर प्रवचन ऐकण्याची गरज नव्हती.

पुढील हकीकत सुपरिचित आहे. १८८३ मध्ये त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकण्यातील दोषामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याच्या आत, आनंदीबाई पुण्यात वारल्या. १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. ते १८९० मध्ये पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले.

येथे ‘दहा वर्षे’ ह्या मुदतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. साहाय्याची मुदत संपणार, हे ठाऊक असल्यामुळेच रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबागा लावण्यास प्रारंभ केला होता. संस्था स्वावलंबी व्हावी, असा तो सरळ व्यवहारी हिशेब होता. आज दौंड तालुक्यात असलेले, पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात येते. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तालुक्यांनी दुष्काळ पुष्कळ पाहिले. बागेसाठी घेतलेल्या त्या माळावर पुढे काय उभे राहणार होते, ह्याची कल्पना कोणालाच नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्यामुळे त्यांना केडगावच्या माळावर आणावे लागले. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुक्तिसदन, कृपासदन, प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तमीसदन, विणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना हे सर्व काही वर्षांच्या अवधीत उभे राहिले. १८७४ मध्ये जी वेळ आपल्या कुटुंबाला कोणी सोडवून दिली नाही, तीच जणू बावीस वर्षांनंतर पुन्हा समोर आली, आणि ह्या खेपेस ती दवडली गेली नाही. फळबागेची योजना बाजूस पडली. आपण आखलेला काळ मागे घेऊन समोर आलेल्या वेळेला जागा करून देणे, ही ह्या चरित्रातील वारंवार दिसणारी रीत आहे. वैद्यकाचा बेत गेला, तेव्हा शिक्षण आले. उच्चवर्णीय विधवांसाठीची शाळा मागे पडली, तेव्हा दुष्काळग्रस्त सर्व जातींच्या मुली आल्या.

४

वेळेच्या सदुपयोगाचा ख्रिस्ती आग्रह म्हटला की अभ्यासकांस माक्स वेबरची आठवण होते. प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची प्रेरणा ह्यांवरील त्याचा प्रसिद्ध प्रबंध १९०४-०५ मध्ये प्रकाशित झाला. रमाबाईंचे भाषांतराचे काम साधारणतः ह्याच सुमारास आकार घेत होते. वेबरच्या मते प्यूरिटन मनुष्य वेळ दवडणे हे पहिले पाप समजतो. ह्या शिस्तीतून बचत आणि बचतीतून भांडवल निर्माण होते. केडगावची दिनचर्या वरवर पाहता ह्या वर्णनात बसते. परंतु अर्थव्यवहार पाहिला की फरक दिसतो. रमाबाईंच्या पुढे आदर्श होता तो ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरसारख्यांचा. निधीसाठी निश्चित हमी न ठेवता, प्रार्थनेवर विसंबून अनाथाश्रम चालविणारी ही परंपरा आहे. तीत उद्योग आहे, पण साठा नाही. उद्याची तरतूद नसल्यामुळे आजच्या वेळेला मोल येते.

पुण्यातीलच एक समकालीन आदर्श ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वीकारीत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ती मुदत पुरी केली आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापून सबंध आयुष्याच्या समर्पणाची कल्पना राजकीय क्षेत्रात आणली. हा आयुष्याच्या विनियोगाचा लौकिक आणि अत्यंत उदात्त नमुना आहे. त्यात आणि रमाबाईंच्या कल्पनेत त्यागाचे प्रमाण कमी-अधिक नाही. भेद आहे तो उत्तरदायित्वाच्या दिशेचा. आजीव सदस्य आपली वर्षे देशाला देतो. ती त्याची असतात, म्हणूनच तो ती देऊ शकतो. रमाबाईंच्या दृष्टीने वर्षे मुळातच आपली नव्हती. ‘माझी साक्ष’ ह्या १९०७ च्या आत्मनिवेदनाचा सूर जो बदललेला जाणवतो, त्याचे कारण हेच आहे. पूर्वीच्या लेखनातील ‘मी’ पाहते, तोलते, कधी उपहास करते. येथील ‘मी’ हिशेब देते. साक्ष हा शब्दच न्यायासनापुढचा आहे.

मात्र शुभवर्तमानांत हा हिशेब दोन परस्परविरुद्ध दाखल्यांनी सांगितला आहे, हे विसरून चालणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धन्याने सोपविलेले द्रव्य पुरून ठेवणारा दास दोषी ठरतो. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यात दिवस मावळता मावळता कामावर आलेल्या मजुरांस दिवसभर राबलेल्यांएवढेच वेतन मिळते. पहिला दाखला आळशाला धाक घालतो, दुसरा उद्योगी माणसाचा अहंकार उतरवितो. दोन्ही एकत्र वाचले म्हणजेच ख्रिस्ती कल्पना पुरी होते. वेळेचा जाब द्यावा लागतो, परंतु वेतन तासांवर मिळत नाही.

५

आता भाषांतराकडे वळू. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या प्रयत्नांपासून, म्हणजे १८०५ मधील मत्तयापासून, मराठी बायबलला इतिहास होता. बायबल सोसायटीचे भाषांतर मंडळ्यांत रूढ होते. मग नवे भाषांतर कशासाठी? रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. रूढ भाषांतराची भाषा अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीला दुर्बोध होती; आणि त्यातील पुष्कळसे धार्मिक संस्कृत शब्द आपल्याबरोबर हिंदू अर्थच्छटा घेऊन येत होते. हा दुसरा आक्षेप पुराणिकाच्या विदुषी कन्येने घ्यावा, ह्यात विरोधाभास नाही. त्या शब्दांचे वजन तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरीही आश्रमाचे नाव मात्र ‘मुक्ति’ राहिले, आणि तो शब्द सोडणे त्यांना साधले नाही, किंवा त्यांनी ते इच्छिले नाही, ही गोष्ट अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

ह्या कामासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासिल्या, हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम आश्रमातील मुली व स्त्रियांकडून करवून घेतले. संपूर्ण बायबलचे मूळ भाषांतून एकटीने भाषांतर करणारी जगातील एकमेव स्त्री, असा त्यांचा गौरव केला जातो. तो तंतोतंत खरा नाही. अमेरिकेतील जूलिया स्मिथ ह्या विदुषीचे तसे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु स्मिथबाईंना आपल्या मातृभाषेत बायबलची दीर्घ परंपरा पाठीशी होती, आणि हजारो माणसांच्या अन्नवस्त्राची चिंता नव्हती. रमाबाईंच्या कर्तृत्वाला एकमेवत्वाच्या दाखल्याची आवश्यकता नाही.

२४ जुलै १९२१ रोजी कन्या मनोरमा वारली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवावयाचा, तीच आधी गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. ग्रंथ संपूर्ण रूपाने १९२४ मध्ये बाहेर पडला. शेवटची मुद्रिते तपासून होताच मृत्यू आला, असे भक्तिपर चरित्रांतून सांगितले जाते. ह्या कथनाचा मोह समजण्यासारखा आहे, पण समीक्षकाने त्यापासून सावध राहावे. कार्य पुरे झाले म्हणून आयुष्य सार्थ ठरले, असे मानले, तर अपुऱ्या कार्यांच्या धन्यांचे काय करावयाचे? रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ते ‘देवाच्या दरबारा’च्या मागे लागले, महाकाव्याच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन वर्षे गमावलेली म्हणावी लागतील. ते काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि स्वतः लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी गद्याला जे दिले, ते टिळकांच्या कोणत्याही योजनेत नव्हते. पुरे झालेले भाषांतर वाचले गेले नाही. अपुरे राहिलेले काव्य दुसऱ्या हाताने पुरे झाले. ज्याचा बेतच नव्हता ते आत्मचरित्र अक्षर ठरले. पूर्ती हा आयुष्याच्या सार्थकतेचा निकष धरता येत नाही, हे ह्या तीन उदाहरणांनी पुरेसे स्पष्ट होते.

कीर्ती हाही निकष धरता येत नाही. शिरूरला १८०९ मध्ये मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेस ह्या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. गेल्या शतकापूर्वीच्या सरकारी गॅझेटियरात अशी नोंद आढळते की, तेथील लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानून पूजीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य आणीत. त्याच शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. उपदेशकांची वर्षानुवर्षांची मेहनत एकीकडे आणि न मागता मिळालेले देवपण दुसरीकडे! लोकस्मृती कोणाचा वेळ सार्थ ठरवील, ह्याला नियम नाही.

६

तथापि रमाबाईंच्या वेळेविषयीच्या धारणेचा आदर करणे म्हणजे भाषांतराला समीक्षेतून सूट देणे नव्हे. ते भाषांतर मूळ शब्दाला इतके चिकटून राहते की मराठी वाक्याची चाल अनेकदा अवघडते. ज्या खेडवळ वाचकिणीसाठी ते केले, तिच्या बोलण्याची लय त्यात पुरेशी उतरली नाही. ‘लोकस्थिती’ लिहिणाऱ्या लेखणीला ती लय असाध्य होती, असे म्हणता येणार नाही. तिने ती जाणूनबुजून बाजूस ठेवली. देववचनापुढे लेखकाचा स्वर मध्ये येऊ नये, ही धार्मिक नम्रता वाङ्मयीन दोषाचे कारण झाली. हा दोष कष्टाच्या कथनाने झाकू नये.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ह्या ग्रंथात केवळ रमाबाईंचा वेळ खर्ची पडला नाही. खिळे जुळविणाऱ्या, पाने मोडणाऱ्या शेकडो हातांचाही पडला. स्वतःचे आयुष्य एका हेतूला वाहणे निराळे आणि आश्रितांचे आयुष्य त्या हेतूत गुंफणे निराळे. दुष्काळातून वाचविलेल्या मुलीला त्या धार्मिक वातावरणाला नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हे विचारणे अन्यायाचे नाही. ह्याचे उत्तर एकपदरी नाही. ज्या मुलीला दुष्काळात दिवस मोजण्यापलीकडे भविष्य नव्हते, तिला अक्षरओळख, मुद्रणासारखा हातचा धंदा आणि अंध असल्यास वाचनाची लिपी येथे मिळाली. तिच्या आयुष्याला वर्षे मिळाली, आणि त्या वर्षांना आकार मिळाला. पण तो आकार तिने निवडलेला नव्हता. सोडवून घेतलेल्या वेळेचा धनी कोण, सोडविणारा की सुटलेला, हा पौलाच्या क्रियापदात दडलेला प्रश्न केडगावच्या माळावर असा प्रत्यक्षात उभा राहतो. ख्रिस्ती विचारवंतांनी त्याचे उत्तर ईश्वराचे नाव घेऊन दिले आहे; इतिहासाच्या अभ्यासकाला त्या मुलींची स्वतःची साक्ष शोधावी लागेल.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर ह्यावरून असे देता येते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मराठी गद्याची हानी झाली, हे खरे आहे आणि ते म्हणावयास संकोच नको. परंतु त्यावरून रमाबाईंचा वेळ वाया गेला, हे सिद्ध होत नाही. कारण तो वेळ मराठी गद्याच्या खात्यावर कधीच मांडलेला नव्हता. समीक्षकाला कृतीचा न्याय करण्याचा अधिकार आहे. आयुष्याच्या विनियोगाचा न्याय करावयाचा, तर ज्याच्यापुढे हिशेब द्यावयाचा असे त्या व्यक्तीने मानले, त्याची भाषा आधी शिकली पाहिजे. हे दोन निवाडे वेगळे ठेवले, तरच दोन्ही प्रामाणिकपणे करता येतील.

पदव्युत्तर अभ्यासकांस येथे काम पुष्कळ आहे. १८८९ ची ‘लोकस्थिती’ आणि १९२४ चे बायबल शेजारी ठेवून एकाच हातची दोन गद्ये ताडून पाहावीत; नव्वदाव्या स्तोत्राचे रमाबाईंचे भाषांतर आणि बायबल सोसायटीचे भाषांतर पदशः तुळावे; त्यांनी टाळलेल्या आणि ठेवलेल्या संस्कृत शब्दांची यादी करावी. भाषांतर रूढ झाले नाही, ह्या एका वाक्यात ज्याची बोळवण झाली, तो ग्रंथ अजून कसून वाचला गेलेला नाही. तो वाचण्यास लागणारा वेळ दवडला जाणार नाही.